जॉन बिडवेल : दारूबंदी पक्षाचे शेतकरी उमेदवार

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत दोन मोठ्या पक्षांचेंच राज्य चालत आलें आहे. तिसऱ्या पक्षाच्या वतीनें उभें राहणें म्हणजे हरण्यासाठींच उभें राहणें, हें तेथें कोणासही ठाऊक असतें. असें असतां १८९२ सालीं कॅलिफोर्नियांतील एक सुखवस्तु शेतकरी वयाच्या ७३ व्या वर्षीं दारूबंदी पक्षातर्फे अध्यक्षपदाच्या निवडणुकींत उतरले. त्यांचें नांव जॉन बिडवेल.

त्यांचा जन्म ता. ५ ऑगस्ट १८१९ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत झाला. बाप शेतकरी, शेतीच्या शोधांत कुटुंब ओहायो संस्थानांत गेलें. शिकण्याची हौस इतकी कीं, सतराव्या वर्षीं हा मुलगा सुमारें ३०० मैल पायीं चालून एका विद्यालयांत दाखल झाला. पुढें ते शिक्षक झाले व मिसूरी संस्थानांत त्यांनीं थोडी जमीन धरली. पण ते परगांवीं गेले असतां दुसऱ्यानेंच ती बळकाविली.

मग १८४१ सालीं कांहीं कुटुंबांसह ते कॅलिफोर्नियाकडे निघाले. तो प्रांत तेव्हां मेक्सिकोच्या ताब्यांत होता, आणि तो पश्चिमेस आहे यापलीकडे वाटेची माहिती यांपैकीं कोणासही नव्हती. अर्ध्या वाटेपर्यंत रोमन कॅथलिक मिशनऱ्यांच्या वाटाड्याची सोबत मिळाली. नंतर तीसबत्तीस माणसें एकटींच पुढें निघालीं. रानांत गाड्या चालेनात, म्हणून त्या टाकून द्याव्या लागल्या. अन्न सरलें तेव्हां गाडीचे बैल मारून खाल्ले, बैल सरल्यावर खेचरें. या टोळींत एक तरुण आई तान्हें मूल घेऊन होती. तीही पार पडली. ता. ४ नोव्हेंबर रोजीं मंडळी कॅलिफोर्नियांतील एका मळ्यावर पोंचली.

तेथें त्यांनीं सटर नांवाच्या जमीनदाराकडे कारकुनी केली. १८४८ सालीं सोन्याचा शोध लागला आणि बिडवेल यांसही फेदर नदींत सोनें सांपडलें. सोन्याच्या मागें लागून पुष्कळांनीं सर्वस्व घालविलें. यांनीं तो पैसा जमिनींत घातला. चिको नांवाच्या ओढ्याकांठीं त्यांनीं २२ हजार एकरांहून अधिक जमीन घेतली, गहूं पेरला, फळबागा लाविल्या, आणि १८६० सालीं तेथेंच चिको शहराची आंखणी केली. त्यांच्या गव्हास १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें.

ही जमीन मुळांत मेचूप्डा नांवाच्या आदिवासी लोकांची होती, हें वाचकांनीं विसरूं नये. गोऱ्या लोकांच्या टोळ्या त्या काळीं आदिवासींची कत्तल करीत. १८६३ सालीं तर शिपायांनीं त्या भागांतील शेंकडों आदिवासींना दूरच्या राउंड व्हॅलीकडे हांकून नेलें. बिडवेल यांच्या मळ्यावरील लोक मात्र त्यांच्या आश्रयामुळें तेथेंच राहिले. आश्रय दिला हें खरें. पण ज्यांची भूमि त्यांनीं मजुरी करून राहावें, हा न्याय म्हणतां येत नाहीं.

१८६५ ते १८६७ पर्यंत ते काँग्रेसमध्यें रिपब्लिकन पक्षाचे सभासद होते. वॉशिंग्टन येथें ॲनी केनेडी या भाविक तरुणीची व त्यांची ओळख झाली. ही बाई दारूच्या कट्टर विरुद्ध, आणि बिडवेल यांच्या मळ्यांत तर दारू गाळण्यासाठींच द्राक्षें पिकत! वेल लावून, वाढवून, फळास आणावयास किती वर्षें लागतात हें शेतकऱ्यास सांगणें नको. तरी त्यांनीं दारूचे वेल समूळ उपटून टाकिले. खाण्याच्या व मनुक्यांच्या द्राक्षांचे तेवढे ठेविले. १८६८ सालीं दोघांचा विवाह झाला आणि ते प्रेस्बिटेरियन मंडळींत सामील झाले.

त्या काळीं कॅलिफोर्नियांत रेल्वे कंपनी मागेल तें भाडें शेतकऱ्यास द्यावें लागे. मक्तेदारीविरुद्ध १८७५ सालीं बिडवेल स्वतंत्र पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठीं उभे राहिले व तिसरे आले. १८९० सालीं दारूबंदी पक्षातर्फे त्याच जागेसाठीं पुन्हां उभे राहिले, पुन्हां हरले. दोन वर्षांनीं सिनसिनाटी येथील सभेनें त्यांस अध्यक्षपदासाठीं निवडलें. स्त्रियांस मताधिकार द्यावा, हेंही त्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत होतें. निवडणुकींत क्लीव्हलंड यांस ५५ लाखांवर मतें पडलीं, बिडवेल यांस सुमारें २ लक्ष ७० हजार. एकाही संस्थानांत ते पहिले आले नाहींत. तरी अध्यक्षपदाच्या उमेदवारास त्या पक्षानें मिळविलेलीं सर्वांत अधिक मतें हींच. पुढें १९२० सालीं सर्व देशांत दारूबंदी आली, ती १९३३ सालीं उठली. स्त्रियांस १९२० सालीं मिळालेला मताधिकार मात्र कायम राहिला.

ता. ४ एप्रिल १९०० रोजीं, ऐंशी वर्षें उलटल्यावरही, बिडवेल मळ्यांत लांकूड कापीत असतां त्यांच्या हृदयानें दगा दिला व ते वारले.

ॲनीबाईंनीं १९०५ सालीं ओढ्याकांठची विस्तीर्ण वनराई चिको शहरास उद्यान म्हणून दिली. मेचूप्डा लोकांच्या वस्तीची थोडी जागाही त्यांच्याकरितां लिहून ठेविली. त्या १९१८ सालीं वारल्या. १९६७ सालीं सरकारनें त्या वस्तीची मान्यता काढून घेतली. मेचूप्डा लोक न्यायालयांत गेले, आणि १९९२ सालीं त्यांस ती परत मिळाली.