बागेमागचा माणूस : डॉ. भाऊ दाजी लाड

आमच्या चांदूर बाजारात बगीचा म्हटला की संत्र्याची झाडे डोळ्यांपुढे येतात. बगीचा म्हणजे उत्पन्न, असेच मी लहानपणापासून समजत आलो. भायखळ्याची राणीची बाग पाहिली तेव्हा मात्र सर्वांच्या मालकीची बाग म्हणजे काय, हे प्रथम उमगले. ती ज्यांच्या खटपटीने उभी राहिली, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे एक प्रमुख होत.

रामचंद्र विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. गोव्यातील मांद्रे गावच्या गरीब घरात ते जन्मले. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना सुचविले व मुलाचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. गरिबांना त्यांनी फुकट औषध दिले, कुष्ठरोगावर उपाय शोधला आणि अजिंठ्याचे शिलालेखही वाचले.

जगन्नाथ शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासह त्यांनी वस्तुसंग्रहालय आणि वनस्पतिउद्यान यांसाठी वर्गणी जमविली. १८६२ साली संग्रहालयाच्या इमारतीचा पाया घातला गेला. पुढे १८६५ च्या सुमारास शेअरबाजार कोसळला आणि भाऊंची मिळकत बुडाली. तरी लोककार्य सुटले नाही. १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडले. १८७४ मध्ये भाऊ निवर्तले. १९७५ पासून त्या वास्तूला त्यांचे नाव आहे. बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते.

या शतकात महापालिकेने बागेचा कायापालट करण्याचे ठरविले. जुन्या वृक्षांवर घाला येईल या भीतीने काही नागरिक पुढे आले. त्यांनी झाडे ओळखून त्यांच्या नोंदी केल्या व आराखड्यास विरोध केला. २०१७ साली तेथे पेंग्विनही पाहावयास मिळू लागले. गर्दी लोटली. मीही त्या रांगेत उभा होतो, हे कबूल करतो. पण काचेपुढून निघालो आणि एका प्रचंड जुन्या झाडाखाली बसलो, तेव्हाच जिवाला गारवा वाटला.

बाग नव्याने आखावी, यात वावगे काही नाही. परंतु आखणाऱ्याने आधी तेथील झाडांची नावे शिकावीत. मित्रहो, आपल्या गावातही कधी सार्वजनिक बागेचा नकाशा पसरला जाईल. त्या वेळी स्वतःचे गेले तरी लोकांचे काम न सोडणाऱ्या या डॉक्टरांची आठवण आपल्याला राहील काय?