ज्याँ-मार्तँ शार्को

ज्याँ-मार्तँ शार्को (जन्म : पॅरिस, २९ नोव्हेंबर १८२५, मृत्यू : मॉर्व्हाँ, फ्रान्स, १६ ऑगस्ट १८९३) हे फ्रेंच वैद्य, विकृतिशास्त्रज्ञ व अध्यापक होते. आधुनिक मज्जाविज्ञानाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा एक स्वतंत्र रोग आहे, हे लक्षणे आणि शवविच्छेदन यांची सांगड घालून त्यांनी १८६८ मध्ये स्पष्ट केले. या रोगाच्या कारणांचा शोधही त्यांनी घेतला. मात्र ती त्यांच्या हयातीत उलगडली नाहीत.

प्रारंभिक जीवन

शार्को यांचे वडील पॅरिसमध्ये घोडागाड्या बनविण्याचा व्यवसाय करीत. शार्को यांना चित्रकलेची उत्तम जाण होती. बारकाईने पाहण्याची ही सवय पुढे त्यांना रुग्णपरीक्षणात उपयोगी पडली. पॅरिस येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी १८५३ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यांचा प्रबंध जुनाट संधिवातावर होता व त्यात त्यांनी हा विकार गाऊट या रोगापासून वेगळा केला होता. सारख्या दिसणाऱ्या दोन रोगांतील भेद दाखविणे हे त्यांच्या पुढील कार्याचेही सूत्र ठरले. १८६४ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र ज्याँ-बातीस्त शार्को हे पुढे ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून प्रसिद्ध झाले.

साल्पेत्रिएर रुग्णालय

१८६२ मध्ये शार्को आणि त्यांचे मित्र आल्फ्रेद व्ह्युल्प्याँ यांची पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात वैद्य म्हणून नेमणूक झाली. बंदुकीच्या दारूच्या जुन्या कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या या संस्थेत हजारो वृद्ध, निराधार व दीर्घकाळ आजारी स्त्रिया राहत असत. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचे हे ठिकाण महत्त्वाकांक्षी वैद्यांना आकर्षक वाटत नसे. शार्को यांनी मात्र तेथील संशोधनाची संधी ओळखली. येथील रुग्ण वर्षानुवर्षे एकाच जागी राहत असल्यामुळे त्यांच्या लक्षणांची नोंद सातत्याने ठेवता येई आणि मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जू यांची तपासणी करता येई. जिवंतपणी दिसलेले लक्षण आणि मृत्यूनंतर आढळलेली विकृती यांचा मेळ घालणे, ही त्यांची पद्धत होती. आयुष्याची अखेर या भिंतींआड काढणाऱ्या, बहुतांशी अनाम स्त्रियांच्या रुग्णनोंदींवरच मज्जाविज्ञानाचा मोठा पाया रचला गेला.

१८६६ पासून शार्को यांनी येथे व्याख्याने देण्यास आरंभ केला. १८७२ मध्ये ते विकृतिशारीराचे प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. सिग्मंड फ्रॉइड, जोझेफ बाबिन्स्की, प्येर मारी आणि झील द ला तुरेत यांनी त्यांच्याकडे अध्ययन केले.

मल्टिपल स्क्लेरॉसिसचे वर्णन

मेंदू व मज्जारज्जू यांवरील कठीण, करड्या चट्ट्यांची चित्रे रॉबर्ट कार्सवेल आणि ज्याँ क्र्युव्हेल्ये यांनी शार्को यांच्यापूर्वीच प्रसिद्ध केली होती. मात्र त्या चट्ट्यांचा रुग्णाच्या लक्षणांशी असलेला संबंध सुसंगतपणे मांडला गेला नव्हता. हे काम शार्को यांनी केले. डोळ्यांच्या बुबुळांची अनैच्छिक हालचाल, एखादी वस्तू घेऊ पाहताना हाताला सुटणारा कंप आणि शब्द तोडून तोडून बोलणे ही तीन लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. ती शार्को यांचे लक्षणत्रय म्हणून ओळखली जातात. कंपवातातील, म्हणजेच पार्किन्सन रोगातील, कंप हात स्थिर असतानाही होतो, तर या रोगातील कंप हालचालीच्या वेळी प्रकट होतो, हा भेदही त्यांनी दाखविला. चट्ट्यांच्या ठिकाणी मज्जातंतूंवरील मायलिन हे आवरण नष्ट होते, पण आतील तंतू पुष्कळदा शिल्लक राहतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

कारणांविषयीचे तर्क

रोग ओळखता आला, तरी तो का होतो हा प्रश्न उरला. आपल्या रुग्णांचे पूर्ववृत्त तपासून शार्को यांनी काही शक्यता नोंदविल्या. दीर्घकाळ थंडी व ओलाव्यात राहणे, विषमज्वरासारखे संसर्गजन्य रोग, शारीरिक इजा आणि दीर्घकाळचे दुःख किंवा मनस्ताप ही कारणे असावीत, असे त्यांना वाटले. एकंदर मज्जाविकारांत ते आनुवंशिकतेला विशेष महत्त्व देत. सिल्व्हर नायट्रेट, स्ट्रिक्निन यांसारखे उपचार त्यांनी करून पाहिले, पण त्यांचा टिकाऊ लाभ दिसला नाही. त्यांचे शिष्य प्येर मारी यांनी १८८४ मध्ये संसर्ग हेच प्रमुख कारण असल्याचे मत मांडले.

हिस्टेरियाविषयक कार्य व टीका

शार्को यांनी नंतरच्या काळात हिस्टेरिया व संमोहन यांचा अभ्यास केला. हिस्टेरिया हा केवळ स्त्रियांचा रोग नाही, हे त्यांनी दाखविले. मात्र या विकारात मृत्यूनंतर मज्जासंस्थेत कोणतीही विकृती सापडत नसे आणि त्यामुळे त्यांची मूळ पद्धत येथे अपुरी पडली. व्याख्यानांत रुग्ण स्त्रियांचे श्रोत्यांसमोर प्रदर्शन केले जाई, यावर टीका झाली. त्या स्त्रियांची लक्षणे सूचनेच्या प्रभावाने घडतात, असा आक्षेप नान्सी येथील इपोलीत बर्नेम यांनी घेतला व तो पुढे मोठ्या प्रमाणात मान्य झाला.

मृत्यू

१८९३ मध्ये मॉर्व्हाँ प्रदेशात प्रवासास गेले असता फुप्फुसांत पाणी साचून शार्को यांचे निधन झाले.

कारणांचा पुढील शोध

विसाव्या शतकात, प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते ही कल्पना पुढे आली. हा हल्ला कशामुळे सुरू होतो, याचे एकच उत्तर नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला रोग झाल्यास दुसऱ्याला तो सुमारे चारांपैकी एका वेळी होतो; म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत रोगाचे प्रमाण सामान्यतः अधिक आढळते. थंडी व ओलाव्याऐवजी आज त्याचा संबंध अपुरा सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांच्याशी जोडला जातो. धूम्रपान आणि पौगंडावस्थेतील लठ्ठपणा यांमुळेही धोका वाढतो.

संसर्गाच्या तर्काला सर्वांत भक्कम आधार २०२२ मध्ये मिळाला. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारे ३२ पट वाढल्याचे आढळले. तथापि हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना हा रोग होतो. त्यामुळे विषाणू, आनुवंशिकता व परिस्थिती यांचा संयोग रोगाला कारण ठरतो, असे आज मानले जाते. मनस्ताप हे मूळ कारण असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. शार्को यांचे कारणांविषयीचे काही तर्क असे मागे पडले, काही नव्या स्वरूपात टिकले. त्यांनी केलेले रोगाचे मूळ वर्णन मात्र आजही निदानशास्त्राच्या इतिहासात पायाभूत मानले जाते.