वाडवडिलांची वीणा नव्यानं घडवणारे उस्ताद. पळस्प्याला गुरुकुल उभारणाऱ्या झिया मोहिउद्दीन डागर यांची गोष्ट

आंबिवली : गणपतीला कोकणात निघालेल्या प्रत्येकाला पळस्पे फाटा माहीत असतो. आंबिवली, मोहने, टिटवाळ्याकडची मंडळी कल्याणहून शिळफाटा, तळोजामार्गे पनवेल गाठतात आणि पुढे पळस्प्याला गोवा महामार्ग धरतात. तिथं गाडी थांबलीच तर चहापुरती. पण याच पळस्पे गावात एका मोठ्या कलावंतानं गुरुकुल बांधलं होतं आणि देशोदेशीची पोरं तिथं शिकायला येऊन राहत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या कलावंताचं नाव उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर. वाद्य रुद्रवीणा.

वीणा म्हटलं की आपल्याकडं सप्ताहातला वीणेकरी डोळ्यांपुढं येतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. ती वीणा सुराला आधार देते. रुद्रवीणा वेगळी, तिच्यावर अख्खा राग वाजतो. आतून पोकळ अशी लांब दांडी, दांडीच्या खाली दोन वाळवलेले भोपळे, वर मेणानं बसवलेले पडदे आणि मुख्य चार तारा. या वाद्याला बीनही म्हणतात आणि वाजवणाऱ्याला बीनकार. आता बीन म्हणजे गारुड्याची पुंगी नव्हे, हा घोळ नेहमी होतो.

झिया मोहिउद्दीन यांचा जन्म 14 मार्च 1929 रोजी राजस्थानात उदयपूरला झाला. घराणं धृपदाचं. धृपद ही ख्यालाच्याही आधीची गायकी आणि साथीला तबला नाही, पखवाज. भजनात पखवाज ऐकलेल्या माणसाला ती चाल लगेच ओळखीची वाटेल. आजोबा झाकिरुद्दीन खाँ आणि वडील झियाउद्दीन खाँ दोघंही उदयपूरच्या महाराणांच्या दरबारी कलावंत.

या घराण्यात वीणा प्रत्येकाला यायची, पण ती लोकांपुढं मांडायची चीज नव्हती. गाणं मुख्य आणि वीणा घरात रियाजासाठी, पोरांना सूर कळावा म्हणून. या पोराला मात्र वीणाच वाजवायची होती. वडिलांनी मान्य केलं आणि सोळाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वीणा वाजवली. तेव्हा ही परवानगी किती मोठी होती, हे आज पटकन लक्षात येत नाही.

मग काळ बदलला. 1948 मध्ये उदयपूर संस्थान राजस्थानात विलीन झालं, दरबार गेले आणि कलावंतांचा आश्रयही गेला. झिया मोहिउद्दीन मुंबईला आले. सिनेमाच्या संगीतातही काही काळ काम केलं. पोट भरायचं तर ते करावंच लागतं, त्यात कमीपणा काही नाही. पुढं ते चेंबूरला राहू लागले.

खरी अडचण वाद्याचीच होती. जुनी रुद्रवीणा हलकी, आवाज गोड पण लहान. राजवाड्याच्या दालनात चार हातांवर बसलेल्याला ऐकू यायची. डागरांचा आलाप अतिशय संथ. एकेक स्वर लांब धरायचा, त्यातून पुढचा स्वर हळूहळू उघडायचा. तार छेडली आणि नाद लगेच विझला, तर असा आलाप उभा कसा राहणार? ऑर्केस्ट्रात मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईन गिटार अनेकांनी पाहिली असेल. तारेवरून लोखंडी कांडी सरकवली की सूर न तुटता गळ्यासारखा वाहतो. वीणेत तेच काम तार पडद्यावर ओढून करतात, त्याला मींड म्हणतात. पण ओढत जाईपर्यंत नाद जिवंत हवा.

म्हणून त्यांनी वीणाच नव्यानं घडवायचं ठरवलं. कलकत्त्याचे नामांकित वाद्य कारागीर कनाईलाल यांच्याबरोबर हे काम झालं. भोपळे मोठे घेतले. दांडीची पोकळी वाढवली. तारा जाड केल्या. आवाज खोल, खर्जातला झाला आणि नाद लांबपर्यंत टिकू लागला.

पण त्याची किंमत मोजावी लागली. जुन्या पद्धतीत वरचा भोपळा डाव्या खांद्यावर येतो आणि वीणा छातीवर तिरकी राहते. बीनकाराची ओळख म्हणजे ही बैठक. नवी वीणा इतकी मोठी आणि जड झाली, की खांद्यावर घेणं जमेना. त्यांनी बैठक बदलली. दक्षिणेतल्या सरस्वती वीणेसारखी ती समोर आडवी घेतली, एक भोपळा डाव्या मांडीवर आणि दुसरा जमिनीवर. उजव्या बोटांतली तारेची नखी, म्हणजे मिझराब, तीही काढली आणि उघड्या बोटांनी तार छेडू लागले. मिझराबानं आवाज टणत्कार करत निघतो. बोटानं तो मऊ निघतो आणि तारेचा ताण वाजवणाऱ्याला थेट कळतो.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरात एवढे बदल करणं सोपं नसतं. उद्या मृदंगमण्यानं मृदंगाचा आकारच बदलला तर गावात काय बोललं जाईल, याचा विचार करा. पण त्यांनी धृपदाची रीत सोडली नाही, उलट त्या रितीसाठीच वाद्य बदललं. घरच्या गायकीत जे गळ्यातून निघत होतं, ते तारेतून निघावं एवढाच हट्ट होता. तो साधला, असं त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून म्हणावंच लागतं. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकू नयेत. खर्ज त्यात येतच नाही, इअरफोन लावावा.

भारतात तेव्हा तासाभराचा आलाप ऐकणारे थोडेच होते. परदेशात मात्र मागणी आली. अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्यांनी शिकवलं. 1981 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक मणी कौल त्यांचे शिष्य झाले आणि 1982 मध्ये त्यांनी 'धृपद' हा चित्रपट केला. त्यात झिया मोहिउद्दीन आणि त्यांचे धाकटे भाऊ, गायक झिया फरीदुद्दीन, दोघंही दिसतात.

पळस्प्याचं गुरुकुल याच उमेदीतून उभं राहिलं. शिष्यानं गुरूजवळ राहायचं, खायचं, झोपायचं आणि पहाटे खर्ज लावायचा, ही जुनी पद्धत. ऋत्विक सन्याल, पुष्पराज कोष्टी, गुंदेचा बंधू, उदय भवाळकर ही आज धृपदात मानानं घेतली जाणारी नावं त्यांच्याकडं शिकली. कोष्टी सूरबहारवादक, बाकीचे गायक. वीणा वाजवणारे गुरू गवई घडवत होते, याचं शिष्यांना नवल वाटत नसे, कारण त्या घरात गळा आणि तार वेगळी मानलीच नव्हती.

28 सप्टेंबर 1990 रोजी उस्ताद गेले. वय 61. मुलगा बहाउद्दीन तेव्हा विशीत होता. पुढं काका फरीदुद्दीन यांनी त्याला शिकवलं. आज बहाउद्दीन डागर देशविदेशात रुद्रवीणा वाजवतात. वीणा तीच मोठ्या भोपळ्यांची, वडिलांसारखी समोर आडवी धरलेली.