रुमालाचा विटाळ आणि अमेदे आर्द्वाँ

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्यांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सत्पुरुषांना अर्पण केला, हे चळवळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्या मुक्तीचे पुढे काय झाले? गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत गोऱ्यांनी तिला कायद्याच्याच दाराने, दुसरे नाव देऊन, परत घरात घेतले. ज्या गायकाविषयी आज आम्ही लिहीत आहोत तो नेमका या परतीच्या काळात जन्मला.

अमेदे आर्द्वाँ याचा जन्म ११ मार्च १८९८चा. ठिकाण लुइझियाना राज्याचा नैर्ऋत्य भाग, युनिस आणि बेसिल या गावांचा परिसर. घराणे एकेकाळच्या गुलामांचे, आणि भाषा फ्रेंच. या काळ्या फ्रेंचभाषकांना तिकडे क्रिओल म्हणतात. त्यांच्या शेजारी राहणारे गोरे फ्रेंचभाषक म्हणजे केजन. कॅनडातून हाकलून दिलेल्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे वंशज. दोघांची भाषा एक, धर्म एक, भातकापसाचे शेत एक, नाचाच्या चालीही एकच. वेगळे होते ते कातडे.

आता कायद्याचे पाहू, कारण आम्हा वकिलांची नजर आधी तिकडे जाते. १८९० साली लुइझियानाने रेल्वेत काळ्यांचे डबे वेगळे केले. न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी हा क्रिओल १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, अटक करून घेतली आणि लढला. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरवले आणि वेगळे ठेवणे म्हणजे असमान ठेवणे नव्हे, असा शहाजोग सिद्धांत मांडला. अमेदे दोन महिन्यांचा झाला तेव्हा, मे १८९८मध्ये, लुइझियानाने नवी राज्यघटना केली. मतदानासाठी शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट घातली. मात्र ज्याला किंवा ज्याच्या बापाला, आज्याला १ जानेवारी १८६७पूर्वी मताचा हक्क होता त्याला ती अट माफ! त्या तारखेला तिथल्या काळ्या माणसाला मतच नव्हते. घटनेत जातीचा एक शब्दही न लिहिता जात पक्की करण्याचा असा अस्सल नमुना शोधून सापडणार नाही. १८९६ साली त्या राज्यात सुमारे १,३०,००० काळे मतदार होते. १९०० साली उरले सुमारे ५,३००.

अशा मुलखात हा मुलगा वाढला. वडील लवकर गेले. घरचे लोक दुसऱ्याच्या जमिनी बटाईने कसायचे. अमेदेचे मन शेतात नव्हते. चणीने अगदी ठेंगणा. पाच फूटही उंची नव्हती म्हणतात. पण गळ्यात अकॉर्डियन अडकवले की हा माणूस मोठा व्हायचा. जुनी माणसे सांगत, की बाजा पिठाच्या पोत्यात घालून तो गावोगाव हिंडायचा आणि आवाज साफ राहावा म्हणून खिशात लिंबू ठेवायचा. नाचाच्या ठिकाणी समोर दिसेल त्याच्यावर तो जागच्या जागी गाणे रचायचा. आपल्या जलशातल्या शाहिरांना ही कला सांगायला नको. त्याची गाणी पोरकेपणाची, तुरुंगाची, घर सुटल्याची. वर नाचाचा ठेका, आणि त्यावर आर्त, उंच, जणू घसा फाटेल असा सूर. काळ्यांचे ब्लूज फ्रेंच भाषेत आणि दोन-ठोकी नाचात त्याने असे मुरवले, की पुढचे सगळे त्याच वाटेने गेले.

त्याचा जोडीदार होता डेनिस मॅगी, गोरा व्हायोलिनवादक. दोघे एकाच मालकाची जमीन बटाईने करत. ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये कोलंबिया कंपनीने दोघांना एकत्र बसवून सहा गाणी मुद्रित केली. काळा आणि गोरा एकाच तबकडीवर, तेही त्या काळात दक्षिणेत! म्हणून तिकडचे लेखक याला सलोख्याची सुंदर कथा करून टाकतात. आम्हाला ती तशी दिसत नाही. गोऱ्यांच्या घरी नाच असला की अमेदे वाजवायला हवा असे, पण त्याला दारातून आत घेतीलच असे नसे. खिडकीशी किंवा ओसरीवर बसून तो वाजवायचा आणि आत गोरी जोडपी नाचायची. वाद्य वाजवायला हवे, वाजवणारा मात्र उंबऱ्याबाहेर. या देशात ज्यांच्या बापजाद्यांनी लग्नामिरवणुकीत डफ आणि सनई वाजवली, त्यांना हे उलगडून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक काटेकोरपणे दाखवला आहे, तो आम्ही विसरत नाही. पण ही खिडकी आमच्या ओळखीची आहे.

१९३० साली न्यू ऑर्लिन्स, १९३४च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ, आणि २२ डिसेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्क. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या शहरात शिकले, तिथे हा गावखेड्यातला माणूस एकटा अकॉर्डियन घेऊन बसला आणि एका दिवसात बारा गाणी गाऊन परतला. सारी मिळून ३४ गाणी. त्यानंतर एकही नाही.

पुढची हकिगत समकालीन क्रिओल कलावंतांनी सांगितलेली आहे. १९३९च्या सुमारास युनिसजवळ एका गोऱ्याच्या घरी नाच होता. अमेदे घामाने निथळत वाजवत होता. त्या घरच्या मुलीने तोंड पुसायला आपला रुमाल त्याला दिला. तिथल्या दोन गोऱ्यांना ते सहन झाले नाही. रात्री परतताना त्याला रस्त्यात गाठून बेदम मारले, डोक्यावरून आणि गळ्यावरून मोटार घातली आणि खड्ड्यात टाकून दिले. तो जगला, पण आवाज गेला आणि बुद्धीही भ्रमिष्ट झाली.

मॅगीने मात्र वेगळेच सांगितले: एका मत्सरी वादकाने त्याला विष घातले. काही संशोधक आजाराकडे बोट दाखवतात. पण फिर्याद नाही, पंचनामा नाही, आरोपी नाही. मग एकमेकांशी न जुळणारी तोंडी साक्षच तेवढी उरते. आणि साक्ष जुळत नाही म्हणून घटनाच घडली नाही असे मानण्याची घाई नेहमी कोणाला असते, हे कोर्टात बसून आम्ही पुष्कळ पाहिले आहे. ज्या समाजाला पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे जिवाशी खेळ होता, त्याने आपला जबाब एकमेकांजवळ नोंदवून ठेवला. त्या रुमालाची गोष्ट क्रिओल घराघरांत सांगितली गेली, ती उगाच नव्हे.

१९४२ साली अमेदेला पाइनव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात ठेवले. ३ नोव्हेंबर १९४२ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, तो तिथेच वारला. रुग्णालयाच्या दफनभूमीत बिननावाच्या जागेत पुरला गेला.

आणि गाणी? १९४८पासून आयरी लेज्यून या गोऱ्या केजन वादकाने अमेदेच्या चाली पुन्हा गायल्या, त्या गाजल्या. केजन संगीताचा पाया म्हणून आज जे वाजवले जाते त्यातले कितीतरी या काळ्या माणसाचे आहे. त्याच्याबरोबर पोरवयात ट्रँगल वाजवणारा त्याचा भाऊबंद बुआ-सेक आर्द्वाँ मात्र १९६६ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेला आणि ते सूर क्रिओलांच्याच नावाने जगापुढे ठेवून आला.

होमर प्लेसीला जानेवारी २०२२मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरने मरणोत्तर माफी दिली. प्लेसीच्या नावावर निदान गुन्हा तरी नोंदलेला होता. अमेदेच्या बाबतीत पुसायलाही कागद नाही. घरच्यांना आणि चाहत्यांना त्याची माती गावी आणायची होती, पण कबर सापडली नाही. शेवटी कवी डॅरेल बुर्क आणि इतरांनी वर्गणी जमवली आणि मार्च २०१८मध्ये ओपेलुसासजवळ त्याचा पुतळा उभा केला. त्याचे खात्रीचे म्हणता येईल असे छायाचित्र एकच आहे, लहान वयातले. हातात मेणबत्ती घेतलेले.