देवांना माणूस करणारा स्नॉरी

भारतातून कोणी पाहुणे आले की टोरांटोचा मराठी माणूस त्यांना आधी नायगारा दाखवायला नेतो. मी आजवर किती वेळा गेलो ते मोजणं सोडून दिलंय. वाटेत हायवेवर सेंट कॅथरिन्स नावाचं गाव लागतं. पाहुणे द्राक्षांचे मळे बघत असतात आणि मी मनातल्या मनात एका व्हिडिओ गेमला नमस्कार करतो.

सिलिकॉन नाइट्स नावाची कंपनी या गावात होती. तिने २००८ साली एक्सबॉक्स ३६० साठी 'टू ह्यूमन' हा गेम काढला. उत्तर युरोपातले जुने देव, म्हणजे ओडिन, थॉर, बाल्डर ही मंडळी, त्यात खरे देव नाहीतच. शरीरात यंत्रं बसवून ताकदवान झालेली ती माणसं आहेत आणि साधी जनता त्यांना देव समजून पूजते. आपण बाल्डर व्हायचं आणि चाल करून आलेल्या यंत्रांशी लढायचं. मेलो की वरून एक यांत्रिक व्हाल्किरी (वीरांना उचलून नेणारी देवदूती म्हणा) सावकाश, फारच सावकाश उतरते. तो सीन मध्येच तोडता येत नाही. मी पुष्कळ वेळा मेलो, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला. देवांना माणूस करायची ही आयडिया आली कुठून? शोधत गेलो तर आठशे वर्षं मागे, आइसलँडमधल्या एका जमीनदारापाशी पोचलो. त्याचं नाव स्नॉरी स्टुर्लुसन.

स्नॉरीचा जन्म ११७९ चा. त्याच्या वडिलांचं, स्टुर्लाचं, रेकहोल्ट गावच्या पाद्र्याशी मालमत्तेवरून भांडण चाललं होतं. एका बैठकीत त्या पाद्र्याची बायको सुरी घेऊन स्टुर्लाच्या डोळ्यावर धावून गेली. ओडिन हा देव एका डोळ्याचा. स्वतःला ओडिन समजतोस ना, मग तसाच दिस, असा तिचा टोमणा होता. वार गालावर बसला. स्टुर्लाने भरपाई एवढी प्रचंड मागितली की समोरचा धुळीला मिळाला असता. तेव्हा यॉन लोफ्टसन या देशातल्या सगळ्यात वजनदार माणसाने मध्यस्थी केली. रक्कम कमी कर, बदल्यात तुझा धाकटा मुलगा मी माझ्या घरी वाढवतो, म्हणाला. तो मुलगा म्हणजे स्नॉरी, तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांचा.

यॉनचं घर ओडी या गावी. तिथे ग्रंथ होते, कायदा होता, राजांच्या वंशावळी होत्या. यॉनची आई नॉर्वेच्या एका राजाची मुलगी. वडिलांच्या घरी राहिला असता तर स्नॉरी आणखी एक भांडखोर जमीनदार झाला असता. ओडीला वाढल्यामुळे तो भांडखोर जमीनदार तर झालाच, शिवाय लेखकही झाला!

कारण हा गृहस्थ काही संत नव्हता. वडील लवकर गेले, वाटणीचे पैसे आईने उडवले, मग त्याने ११९९ मध्ये एका श्रीमंत घरची हेर्डिस केली आणि सासऱ्याच्या इस्टेटीवर, बोर्गला, राहायला गेला. काही वर्षांत बायकोला तिथेच ठेवून स्वतः रेकहोल्टला मुक्काम हलवला. पुढे संसार मांडला तो हालवेगशी, जी देशातली सगळ्यात श्रीमंत बाई समजली जायची. मुलींची लग्नं त्याने राजकारण बघून लावली आणि ती मोडली तेव्हा जावयांचे वैरी झाले. आल्थिंग ही त्यांची सभा; तिथे कायदा सांगणाऱ्या सर्वोच्च पदावर तो दोनदा बसला, आधी १२१५ ते १२१८ आणि मग १२२२ ते १२३१.

मधल्या काळात तो नॉर्वेला गेला. राजा हाकोन अजून पोरगेला होता, कारभार स्कूली नावाच्या सरदाराच्या हातात. दोघांनी स्नॉरीचं कौतुक केलं, परतताना एक जहाजच भेट मिळालं. त्या वेळी नॉर्वेकर आइसलँडवर आरमार पाठवायच्या बेतात होते. स्नॉरीने त्यांना थांबवलं, पण त्यासाठी शब्द दिला की माझ्या लोकांना मी समजावून राजाच्या छत्राखाली आणतो. घरी आल्यावर त्याने त्यासाठी फारसं काहीच केलं नाही. देशप्रेम म्हणून की आळस म्हणून, कोण जाणे. राजा मात्र विसरला नाही.

या सगळ्या धामधुमीत, १२२० च्या सुमारास, त्याने 'एड्डा' लिहिलं. आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनेकशे वर्षं झाली होती. पण जुनी कविता जुन्या देवांच्या कथांवर उभी होती. त्यात सोन्याला सोनं म्हणायचं नाही, सिफचे केस म्हणायचं. का, तर लोकीने थॉरच्या बायकोचे, सिफचे, केस कापले आणि बुटक्यांकडून तिला सोन्याचे केस घडवून आणले म्हणून. आपल्याकडे नीलकंठ म्हणजे शंकर हे समजायला हलाहलाची गोष्ट ठाऊक लागते, तसंच. गोष्ट विसरली की कविता मेली. आमच्या धंद्यात अशी जुनी सिस्टम असते, जी चालते पण का चालते हे सांगणारा शेवटचा माणूस रिटायर व्हायला आलेला असतो. स्नॉरीने तेव्हा बसून डॉक्युमेंटेशन लिहिलं. हे काम कोणालाच आवडत नाही. शेवटी राजा आणि स्कूलीच्या स्तुतीची १०२ कडव्यांची कविता जोडली, जवळजवळ प्रत्येक कडव्याचा घाट वेगळा.

पण पाद्र्यांच्या राज्यात पाखंडी देवांचं पुस्तक लिहायचं कसं? प्रस्तावनेत तो सांगतो की हे देव नव्हतेच. ती ट्रॉयहून आशियातून आलेली शूर, हुशार माणसं. उत्तरेकडे आली आणि तिथल्या भाबड्या लोकांनी त्यांना देव केलं. ही युक्ती चर्चला ओळखीची होती. स्नॉरीचा त्यावर विश्वास होता का, यावर विद्वान वाद घालतात. मला वाटतं थोडा असावा. पण प्रस्तावना संपल्यावर तो ज्या चवीने थॉरच्या फजित्या आणि बाल्डरचा मृत्यू रंगवतो, ते वाचून समजतं की त्याचं मन कुठे होतं. देवांना माणूस केलं म्हणून ते वाचले. नॉर्वेच्या राजांचा इतिहास, 'हेइम्सक्रिंगला', हाही त्याचाच मानतात, आणि त्यातही ओडिन एक टोळीप्रमुख म्हणूनच येतो.

ज्या गोष्टी स्नॉरीने इतक्या शांतपणे लिहिल्या, तशी शांतता घरात नव्हती. भाऊबंदकी पेटली. सख्ख्या पुतण्याने, त्याचंही नाव स्टुर्लाच, त्याला रेकहोल्टमधून पळवून लावलं. १२३७ मध्ये तो पुन्हा नॉर्वेला गेला. पुढच्याच वर्षी एका लढाईत तो पुतण्या आणि स्नॉरीचा भाऊ, दोघेही मारले गेले. मारणाऱ्यांत दोन पुढारी होते, गिसुर आणि कोलबेन. दोघेही स्नॉरीचे एकेकाळचे जावई. राजाने परत जायला बंदी केली होती, तरी १२३९ मध्ये स्नॉरी जहाजात बसला आणि घरी आला. स्कूलीने राजाविरुद्ध बंड केलं, तो १२४० मध्ये मारला गेला, आणि त्याचा मित्र म्हणून स्नॉरी राजाच्या डोळ्यात आणखीच खुपायला लागला. गिसुरला राजाचा हुकूम आला: स्नॉरीला नॉर्वेला पाठव, नाहीतर मार.

१२४१ मध्ये हालवेग वारली आणि तिच्या मुलांशी वाटणीवरून वाजलं. ती मुलं गिसुरकडे गेली. त्याच सुमारास स्नॉरीला एक पत्र आलं, गुप्त लिपीत लिहिलेलं. काहीतरी इशारा असावा एवढं कळलं, पण ते कोणालाच वाचता आलं नाही. ज्या माणसाने सगळ्या कवींच्या कोड्यांची किल्ली लिहून ठेवली, त्याला स्वतःच्या जिवाचं कोडं सुटलं नाही. एन्क्रिप्शनचा उपयोग किल्ली पोचली तरच, हे मी क्लायंटला सांगतो तेव्हा मला हे पत्र आठवतं.

२३ सप्टेंबरच्या रात्री गिसुर माणसं घेऊन रेकहोल्टला आला. स्नॉरी तळघरात लपला. एका पाद्र्याकडून पत्ता निघाला आणि पाच जण खाली उतरले. वार करू नका एवढंच तो सांगत राहिला. ६२ वर्षांचा म्हातारा, हातात शस्त्र नाही. राजाला हवं होतं ते १२६२ ते १२६४ मध्ये स्नॉरीशिवायच मिळालं आणि आइसलँडचं स्वातंत्र्य गेलं.

एड्डा मात्र कातड्यावरच्या नकलांतून राहिलं. त्यातली एक महत्त्वाची प्रत डेन्मार्कने १९८५ मध्ये आइसलँडला परत केली. 'टू ह्यूमन'चं नशीब उलटं. तीन भागांचा बेत होता, एकच निघाला. कोर्टकज्ज्यात कंपनी हरली आणि २०१२ मध्ये न विकलेल्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. माझी डिस्क कपाटात आहे.

एकदा भारतात जाताना आइसलँडला दोन दिवस थांबलो आणि बायकोला हट्टाने रेकहोल्टला नेलं. चर्चजवळ स्नॉरीचं स्नानाचं कुंड आहे, दगडी, गोल, चारेक मीटर रुंद. मागे टेकडीत एक लाकडी दार, आत भुयार. ते घराकडे जायचं. मी दाराकडे बघत उभा होतो. बायकोने वाकून पाण्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. पाणी अजून कढत होतं.