ठिणगीचा माग काढणारा यंत्रज्ञ : रॉबर्ट बॉश

ऑईल इंजिनांच्या जोरावर ज्या शहराने उद्यमनगर उभे केले, त्या कोल्हापुरात इंजिन उतरवणे आणि दुसरे चढवणे ही अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. जुन्या जीपमध्ये नवे इंजिन बसते, माउंटिंग जुळते, गिअरबॉक्सही जुळतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. चावी फिरवली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. घेतलाच तर डॅशबोर्डवरचा इशारादर्शक दिवा विझत नाही. लोखंड लोखंडाला जुळलेले असते. वीज मात्र इंजिनाला जुळलेली नसते. हा पेच संगणकाच्या युगातील वाटला, तरी त्याचे मूळ सव्वाशे वर्षांहून जुने आहे. जर्मनीतील एका छोट्या कार्यशाळेने १८९७ मध्ये तो सोडवला आणि त्यातूनच मोटारीच्या विद्युत यंत्रणेचा उद्योग जन्माला आला. त्या कार्यशाळेचे मालक होते रॉबर्ट बॉश.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी उल्म शहराजवळील आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील सर्वाटियुस शेती करीत आणि गावात एक खाणावळही चालवीत. ते सुशिक्षित होते आणि मुलांच्या शिक्षणाविषयी आग्रही होते. रॉबर्ट यांना मात्र शाळेची फारशी गोडी नव्हती. १८७६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते उल्ममधील एका सूक्ष्मयंत्रकाराकडे उमेदवारीला लागले. तेथील तीन वर्षे समाधानाची गेली नाहीत. मालकाचे शिकवण्याकडे लक्ष नव्हते. चांगल्या कारागिराच्या हाताखाली न घडल्याची रुखरुख त्यांना दीर्घकाळ राहिली. पुढे स्वतः मालक झाल्यावर उमेदवारांच्या शिक्षणाची त्यांनी जी काळजी घेतली, तिचे बीज या अनुभवात होते.

उमेदवारी संपल्यावर सुमारे सात वर्षे ते गावोगावच्या कारखान्यांत काम करीत फिरले. मधल्या काळात स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत थोडे दिवस विजेचा अभ्यास केला. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये सिग्मुंड बर्गमन व थॉमस एडिसन यांच्या कारखान्यांत राबले. त्यानंतर इंग्लंडमध्ये सीमेन्स ब्रदर्सकडे काम केले. विजेचे दिवे, टेलिफोन, मापनयंत्रे ही त्या काळातील सर्वांत नवी विद्या होती. बॉश यांनी ती पुस्तकांतून कमी आणि कारखान्याच्या बाकावर अधिक आत्मसात केली.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये सूक्ष्मयंत्रे आणि विद्युत कामांची स्वतःची कार्यशाळा उघडली. वडिलांच्या वारशातून आलेले दहा हजार मार्क हे भांडवल. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या पोऱ्या. टेलिफोन जोडणे, घंटा बसवणे, विजेची उपकरणे दुरुस्त करणे असे मिळेल ते काम ही मंडळी करीत. पुढच्याच वर्षी एका यंत्रनिर्मात्याने एका जागी चालणाऱ्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो बनवून मागितला. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर असे उपकरण होते आणि ते पेटंटने संरक्षित नव्हते. बॉश यांनी त्याचा अभ्यास करून सुधारित मॅग्नेटो तयार केला.

मॅग्नेटो म्हणजे बॅटरीविना ठिणगी पाडणारे यंत्र. स्थायी चुंबकांच्या मध्ये तारेचे वेटोळे असलेला आर्मेचर हलवला की वीज निर्माण होते आणि सिलिंडरच्या आतील दोन संपर्कबिंदू नेमक्या क्षणी विलग झाले की ठिणगी पडते. हे यंत्र चांगले चालले, पण धंदा चालेना. १८९० नंतरची काही वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. बहुतेक कामगारांना रजा द्यावी लागली. बॉश सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जात आणि कामाची तपासणी करीत. १८९६ मध्ये हजारावा मॅग्नेटो तयार झाला, तरी ही सारी उपकरणे एका जागी संथपणे चालणाऱ्या इंजिनांसाठीच होती.

१८९७ मध्ये इंग्लंडमधील उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी फ्रान्सच्या द दियों-बुतों कंपनीची एक तीनचाकी मोटार बॉश यांच्यापुढे आणली आणि तिच्यावर मॅग्नेटो बसवून मागितला. त्या काळच्या बॅटऱ्या लवकर उतरत, रस्त्यात वाहन बंद पडे. डाइमलर यांच्या इंजिनांत तापवलेल्या नळीने इंधन पेटवत. तिथे ज्योत सांभाळण्याची कटकट आणि आगीचा धोका. मॅग्नेटो हा उत्तम उपाय होता, पण तो बसताच खोड उघडी पडली. बॉश यांचा मॅग्नेटो मिनिटाला सुमारे २०० फेरे घेणाऱ्या इंजिनासाठी घडवलेला होता. या तीनचाकीचे इंजिन १८०० फेरे घेत होते. जड आर्मेचर चुंबकांमध्ये मागेपुढे झुलत असे. नऊपट वेगाने झुलणे त्याला शक्यच नव्हते.

अशा वेळी सर्वसाधारण कारागीर चुंबक अधिक बलवान करतो, तार बदलतो, स्प्रिंग ताठ करतो. बॉश यांच्या कार्यशाळेचे प्रमुख आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी वेगळा मार्ग धरला. मॅग्नेटो सदोष नव्हता, इंजिनही सदोष नव्हते. दोहोंच्या वेगाचा मेळ नव्हता, आणि त्याचे कारण हलणाऱ्या भागाचे वजन हे होते. त्यांनी जड आर्मेचर स्थिर ठेवला आणि त्याच्या व चुंबकांच्या मध्ये धातूची एक हलकी नळी झुलती ठेवली. चुंबकीय प्रवाह तसाच बदलत राहिला, पण हलवायचे वजन अगदी थोडे उरले. तीनचाकी धावू लागली आणि वाहनांसाठी मॅग्नेटोचा मार्ग मोकळा झाला. या सुधारणेचे श्रेय त्सेरिंगर यांचे. ते काम अंगावर घेण्याचे आणि योग्य माणसाच्या हाती सोपवण्याचे श्रेय बॉश यांचे.

एक अडचण मात्र शिल्लक होती. सिलिंडरच्या आतले संपर्कबिंदू हलवण्यासाठी दांडे आणि तरफा लागत. प्रत्येक इंजिनाला ही जोडणी स्वतंत्रपणे करावी लागे, आणि वेग वाढला की ती झिजे. बॉश यांच्याकडेच उमेदवारी केलेले आणि पुढे अभियंता होऊन परतलेले गोटलोब होनोल्ड यांना त्यांनी यावर तोड काढण्यास सांगितले. होनोल्ड यांनी एकाच आर्मेचरवर दोन वेटोळी घेऊन उच्च दाबाची वीज निर्माण केली आणि ती हलता भाग नसलेल्या स्पार्क प्लगकडे नेली. १९०१ च्या अखेरीस हा मॅग्नेटो सिद्ध झाला आणि १९०२ मध्ये डाइमलर कंपनीला पहिला संच पोहोचला. आता कोणत्याही इंजिनाला एक भोक पुरेसे होते. १९०६ मध्ये लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर कंपनीच्या विक्रीतील फार मोठा वाटा जर्मनीबाहेरचा होता.

संपत्ती आली, पण बॉश यांची राहणी साधीच राहिली. कारखान्यात जमिनीवर पडलेली टाचणीही वाया जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. मात्र मजुरीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. १९०६ मध्ये त्यांनी आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला. जर्मनीत त्या वेळी ही गोष्ट विरळ होती. चांगले वेतन दिल्याने धंदा बुडत नाही, उलट वाढतो, अशी त्यांची धारणा होती. पैसा गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास जाता कामा नये, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळले. तरीही १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात संप आणि टाळेबंदी झाली. कामगारांचा कैवारी म्हणवल्या जाणाऱ्या मालकाला तो मोठा मानसिक धक्का होता.

त्याच सुमारास बॉश यांनी मोटारीच्या दिव्यांची यंत्रणा बाजारात आणली. दिवा, डायनॅमो, विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर आणि बॅटरी हे सर्व परस्परांना जुळलेले असे एकत्र मिळू लागले. सुटा भाग विकण्याऐवजी जुळलेली यंत्रणा द्यायची, ही त्यांच्या उद्योगाची ओळख ठरली. ती दुरुस्त करणारा माणूसही तितकाच जाणकार हवा, म्हणून १९२१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पहिले बॉश सेवा केंद्र सुरू झाले.

पहिल्या महायुद्धाने मोठा तडाखा दिला. अमेरिकेतील त्यांची मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त झाली. युद्धातून झालेल्या नफ्याचा मोठा भाग त्यांनी लोकोपयोगी कामांना देऊन टाकला. १९२१ मध्ये एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला; १९२३ मध्ये होनोल्ड गेले. पुढे बॅटरी आणि कॉइल यांवर चालणारी स्वस्त प्रज्वलन यंत्रणा आली आणि ज्या मॅग्नेटोवर सारा डोलारा उभा होता, तोच मागे पडू लागला. बॉश यांनी नव्याचा स्वीकार केला. बॅटरीवरील प्रज्वलन यंत्रणा तयार केली आणि १९२७ पासून डिझेल इंजिनासाठी इंधन पिचकारणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. ज्या इंजिनात ठिणगीच लागत नाही, त्यातही त्यांनी आपले स्थान निर्माण केले.

आयुष्याची अखेरची वर्षे मात्र काळोखी होती. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात समेट व्हावा, अशी बॉश यांची तळमळ होती. हिटलरच्या राजवटीत त्यांच्याच कारखान्यांत युद्धसाहित्य तयार झाले आणि तेथे सक्तीच्या मजुरांनाही राबवण्यात आले. दुसरीकडे बॉश आणि त्यांचे निकटचे सहकारी छळ होणाऱ्या ज्यूंना गुप्तपणे मदत करीत होते. राजवटीच्या विरोधातील अग्रणी कार्ल गोर्डेलर यांना १९३७ मध्ये कंपनीने सल्लागार म्हणून आश्रय दिला. पुढे १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. चरित्रातील हा विरोधाभास पुसता येण्यासारखा नाही. १२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्ये बॉश यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांचा अंत्यविधी सरकारी इतमामात केला. त्यांच्या इच्छेनुसार पुढे कंपनीची नव्वद टक्क्यांहून अधिक मालकी एका लोकोपयोगी प्रतिष्ठानाकडे गेली.

भारतात बॉश यांची उत्पादने १९२२ मध्ये, त्यांच्या हयातीतच, कोलकात्यातील विक्री कार्यालयामार्फत आली. १९५१ मध्ये बंगळुरात मायको कंपनी स्थापन झाली आणि नंतर नाशिकलाही कारखाना उभा राहिला. वाहनात संगणक आला तोही मोठ्या प्रमाणात याच परंपरेतून. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी, १९७९ मध्ये फवारणी आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारी मोट्रॉनिक, आणि १९८६ मध्ये वाहनातील संगणकांना दोन तारांवरून परस्परांशी बोलू देणारी कॅन ही पद्धत बॉश कंपनीने जगापुढे ठेवली.

इंजिन बदलल्यानंतर कोल्हापुरातील मेस्त्रीपुढे येणारे प्रश्न येथे येऊन मिळतात. १८९७ मध्ये वेगाचा मेळ नव्हता. आज वेगाच्या खुणेचा मेळ नसतो. इंजिनाच्या दंडावरील दातेरी चक्रावरून संगणक वेग आणि स्थिती ओळखतो. एका पद्धतीत साठ जागांपैकी दोन दात गाळलेले असतात, दुसरीत छत्तीसपैकी एक. एका पद्धतीचा संगणक आणि दुसऱ्या पद्धतीचे चक्र एकत्र आले, की सेन्सर कितीही वेळा बदलला तरी ठिणगी पडत नाही. चावीतील चिप संगणकाच्या ओळखीची नसेल तर तो इंधन अडवतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला स्वतंत्र अर्थिंग लागते. ती जाड पट्टी जोडायची राहिली, की विनाकारण भलतेच दोष दिसू लागतात. स्टार्टर फिरत असताना इंजिनाचा ठोकळा आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर आधी अर्थिंग पाहावे. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो, म्हणून बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर एक टोक जुन्या इंजिनाच्या संगणकाबरोबर निघून गेले असण्याची शक्यता असते. यंत्राइतकीच कागदपत्रेही जुळवावी लागतात. एमएच-०९ क्रमांकाच्या गाडीत दुसरे इंजिन आले, की परिवहन कार्यालयाच्या संमतीने नोंदणीत नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो.

अंदाजाने एकामागून एक महागडे भाग बदलत जाण्याची किंमत शेवटी गाडीमालक मोजतो. स्टुटगार्टच्या त्या कार्यशाळेने तीनचाकीवर मॅग्नेटो बसवताना नवे सामान ओतण्याआधी कोणता भाग कशाशी जुळत नाही, हे शोधून काढले. बॉश यांचे नाव आज असंख्य सुट्या भागांच्या खोक्यांवर दिसते. पण खोक्यातला भाग हातात घेण्यापूर्वी मीटर हातात घ्यावा, ही त्यांच्या चरित्राची खरी शिकवण आहे.