बॅरिस्टर नाथ पै : दिल्लीत कोकणचे गाऱ्हाणे घालणारा खासदार

वेंगुर्ला म्हटले की तुम्हा-आम्हाला आधी काजू आठवतो. वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 चे कलम नाही अशी वाडी आपल्याकडे शोधावी लागेल. त्याच वेंगुर्ल्यात एक माणूस जन्मला, ज्याने तेरा-चौदा वर्षे लोकसभेत कोकणचे गाऱ्हाणे घातले. ते बॅरिस्टर नाथ पै. जुन्या मंडळींना त्यांच्याविषयी सांगायला नको. तरुणांनी मात्र हे नाव एखाद्या संस्थेच्या पाटीवर वाचलेले असते, माणूस ठाऊक नसतो. आमच्या खात्याचे काम सातबाऱ्याशिवाय हलत नाही. तेव्हा आज त्यांची ओळख सातबाऱ्याच्या वाटेनेच करून देतो. कसे ते पुढे कळेल.

त्यांचे पूर्ण नाव पंढरीनाथ बापू पै. जन्म 25 सप्टेंबर 1922 चा. तेव्हा वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षणासाठी मुलगा घाट चढून बेळगावला गेला. 1942 च्या चळवळीत तो तुरुंगात गेला. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडला जाऊन त्यांनी बॅरिस्टरची परीक्षा दिली. तिथे समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत त्यांनी असे काम केले की 1954 मध्ये तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या. परत आल्यावर गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही ते उतरले.

एवढे शिकलेला माणूस मुंबईत वकिली करून सुखाने राहू शकला असता. पण 1957 साली प्रजासमाजवादी पक्षातर्फे ते राजापूर मतदारसंघातून उभे राहिले आणि लोकसभेत गेले. पुढे 1962 आणि 1967 लाही लोकांनी त्यांनाच निवडून दिले.

त्या वेळचे कोकण डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून आगबोट निघायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असे एकेक बंदर घेत वेंगुर्ल्याकडे जायची. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यातच थांबे. मग पडावात उतरून, बोचकी सांभाळत किनारा गाठायचा. पावसाळ्यात बोट बंद. घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि चूल चालायची त्याच्या मनीऑर्डरवर. रेल्वे म्हणाल तर रत्नागिरी जिल्ह्यात तिचा एक रूळही नव्हता.

आता दिल्लीत नाथ पैंच्या हाती काय होते ते बघा. 1957 च्या लोकसभेत काँग्रेसचे 371 खासदार होते आणि यांच्या पक्षाचे 19. पुढच्या निवडणुकीत 12 राहिले, त्यानंतर 13. मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, निधी वाटायचा अधिकार नाही. खासदार निधी ही भानगड तर 1993 नंतरची. हाती होते फक्त सभागृहाचे नियम आणि जिभेवरची सरस्वती.

पण बंधूंनो, नियम हेही हत्यार असते, वापरता आले पाहिजे. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा. खासदार आधी लेखी सूचना देतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. याशिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, आणि अंदाजपत्रकातल्या मागण्यांवर कपातीची सूचना आहे. कपात मंजूर होत नाही हे सगळ्यांना माहीत असते, पण तिच्या निमित्ताने आपल्या भागाचे दुखणे नोंदवता येते. मंत्र्याने एकदा सभागृहात उत्तर दिले की ते कागदावर राहते. पुढच्या अधिवेशनात तोच कागद पुढे धरून पुन्हा विचारता येते. आपल्याकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालताना एकेक गोष्ट नाव घेऊन सांगतात ना, तसेच हे. मोघम बोलून देवही पावत नाही, मग मंत्री कुठला पावणार?

नाथ पै या कामात तरबेज होते. गोव्याचा प्रश्न त्यांनी 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत लावून धरला. चीनच्या आक्रमणाच्या काळात देशाच्या संरक्षणावर ते बोलले. त्यांचे इंग्रजी भाषण सुरू झाले की सत्ताधारी बाकांवरचेही कान देऊन ऐकत. आणि त्याच तोंडाने ते कोकणची रेल्वेही मागत. देशाचा प्रश्न मोठा आणि गावचा लहान अशी वाटणी त्यांनी केली नाही.

रेल्वेचे पुढे काय झाले? त्यांच्या हयातीत ती कोकणात उतरलीच नाही. 1966 पर्यंत दिवा-पनवेलकडून रूळ आपट्यापर्यंत आले, तेवढेच. 1971 मध्ये त्यांच्या जागी राजापूरमधून मधु दंडवते निवडून आले, 1977 ला रेल्वेमंत्री झाले, आणि मागणी पुढे सरकली. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी हा मार्ग सलग सुरू झाला. नाथ पै पहिल्यांदा निवडून आले त्याला तोवर 41 वर्षे झाली होती. आज गणपतीला गाडीचे आरक्षण मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो. त्या कुरकुरीमागे एवढी वर्षे आहेत.

आता सातबाऱ्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातले जुने दुखणे म्हणजे खोती. सरकारचा सारा खोताने गोळा करायचा, आणि कसणाऱ्या कुळाने पिकातला मोठा हिस्सा खोताच्या घरी पोचवायचा. ही पद्धत मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले होते. तेही विरोधी बाकावरून. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षी कूळकायदा आला होता. जमीनमालकांनी कोर्टात जाऊन असे कायदे पाडू नयेत म्हणून 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला नववे परिशिष्ट जोडले आणि त्या यादीत कूळकायदा व खोती निर्मूलन दोन्ही घातले. आपल्या कित्येकांच्या सातबाऱ्यामागे ही हकिगत आहे.

27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. तोही पंजाबातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचा खटला होता. अकरा न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. निकाल असा की यापुढे संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत होता. आधीच्या दुरुस्त्या न्यायालयाने राहू दिल्या, त्यामुळे आपल्या कुळांच्या जमिनीला धक्का लागला नाही. पण पुढच्या जमीनसुधारणांची वाट अडली.

सरकार विचारात पडले असताना नाथ पैंनी 7 एप्रिल 1967 रोजी, म्हणजे निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, लोकसभेत आपले खासगी विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे त्यात स्पष्ट करायचे होते. घटना लोकांसाठी आहे, तेव्हा शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा असावा, ही त्यांची भूमिका. मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांना शुक्रवारचे अडीच तास मिळतात. त्यातून कायदा होणे किती अवघड, ते यावरून समजा की आजवर अशी जेमतेम 14 विधेयकेच कायदा झाली, आणि त्यातले शेवटचे 1970 मधले. नाथ पैंचे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर भरपूर चर्चा झाली, पण ते मंजूर होण्याआधीच डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा बरखास्त झाली. विधेयक बारगळले.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल. त्या विधेयकाला विरोध करणारे सगळे जमीनदारांचे कैवारी नव्हते. संसदेत एकाच पक्षाचे मोठे बहुमत असेल आणि त्याने लोकांचे हक्कच काढून घेतले तर, ही त्यांची भीती होती. ती पोकळ नव्हती, हे 1975 च्या आणीबाणीने दाखवले. नाथ पैंनी विधेयक मांडले ते जनतेवरच्या विश्वासाने. तोच अधिकार उद्या कुणाच्या हाती जाईल, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्यातून वाट निघाली ती अशी. नाथ पै गेले त्याच वर्षी, 5 नोव्हेंबर 1971 ला, 24 वी घटनादुरुस्ती झाली. सरकारने केले ते त्यांच्याच विधेयकाच्या धर्तीवर. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने गोलकनाथचा निकाल फिरवला, पण एक बांध घातला. संसदेला दुरुस्ती करता येईल, मात्र घटनेचा मूळ गाभा मोडता येणार नाही. म्हणजे नाथ पैंचेही राहिले आणि त्यांच्या विरोधकांचेही राहिले. शेताच्या दोन्ही बाजूंनी ओढाताण झाली की शेवटी बांध जिथे पडतो, तसेच हे.

शेवटची हकिगत बेळगावची. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. तिथे 17 जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. 1971 च्या त्या दिवशी त्यांनी बेळगावात भाषण केले आणि त्या रात्रीच हृदयविकाराने गेले. 18 जानेवारीच्या पहाटेपर्यंत सगळे संपले होते. वय अवघे 48. तो प्रश्न आजही सुटलेला नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

त्यांचा राजापूर मतदारसंघही 2008 च्या पुनर्रचनेत गेला. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच आहे. चिपीच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 मध्ये घेतला. ते ठीकच आहे. पण तुम्ही-आम्ही करण्यासारखे एक काम आहे. आपण खासदाराकडे जातो ते बहुधा सभामंडप नाहीतर पाखाडीचे पैसे मागायला. त्याच्याकडे सभागृहात विचारायचा प्रश्नही घेऊन जा. सोबत कागद द्या. किती घरे, किती एकर, कोणत्या साली अर्ज दिला, काय उत्तर आले. मग अधिवेशनानंतर विचारा, आमच्या प्रश्नाचे काय झाले?

आणि फळबाग योजनेचा अर्ज भरायला याल तेव्हा सातबाऱ्यावर कुळाचे नाव आहे का, हे आम्ही आधी बघू. असेल तर त्या कुळाची संमती आणायला सांगू. त्याचा राग धरू नका. ते नाव तिथे लागावे म्हणून आपल्या आधीच्या पुष्कळ माणसांनी जन्म घालवला आहे.